सिसिलीच्या उत्तरेची सात बेटं: एओलियन द्वीपसमूहाची सहल कशी आखावी

इटलीच्या नकाशात सिसिलीच्या ईशान्य टोकावर बोट ठेवा आणि ते थोडं वर सरकवा. निळ्या समुद्रात सात ठिपके दिसतील: वुल्कानो, लिपारी, सालिना, पानारेआ, स्ट्रॉम्बोली, फिलिकुदी आणि अलिकुदी. हीच एओलियन बेटं. सातही बेटं म्हणजे समुद्रतळातून वर आलेल्या ज्वालामुखींचे माथे आहेत आणि त्यातला स्ट्रॉम्बोली तर किमान दोन हजार वर्षं जवळजवळ अखंड धुमसतो आहे. 2000 साली युनेस्कोने ही बेटं जागतिक वारशाच्या यादीत घेतली. कायम राहणारी वस्ती सगळी मिळून पंधरा हजारांच्या आत-बाहेर, आणि त्यातले बहुतेक लोक एकट्या लिपारीवर राहतात.

इथे विमानतळ नाही. पूलही नाही. जायचं ते बोटीनेच, आणि बोट सुटणार की नाही हे वारा ठरवतो. ग्रीक पुराणातला वाऱ्यांचा राजा एओलस याच बेटांवर राहतो असं मानत, म्हणून हे नाव. सहल आखताना हे एवढं ध्यानात धरलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. माझा सगळा सल्ला एका नियमाभोवती फिरतो: दूरचं बेट आधी करा, जवळचं शेवटी, आणि परतीच्या विमानाआधीची रात्र सिसिलीच्या मोठ्या जमिनीवर काढा.

पहिली पायरी: महिना ठरवा

मेचा उत्तरार्ध, जून, आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात हा उत्तम काळ. मे-जूनमध्ये डोंगर हिरवे असतात आणि केपरच्या (जिच्या कळ्या मिठात मुरवून खातात त्या) झुडपांवर पांढरी-जांभळी फुलं असतात, पण समुद्र अजून गारच असतो. पोहण्यासाठी जाणार असाल तर सप्टेंबर निवडा, उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा छान कोमट असतं.

ऑगस्ट टाळा, हे मी अगदी कळकळीने सांगते. 15 ऑगस्टला इटलीत फेर्रागोस्तोची सुट्टी असते आणि त्याच्या आगेमागे अख्खा देश समुद्राकडे धावतो. राहण्याचे दर चढतात, बोटींची तिकिटं संपतात आणि एरवी शांत असलेलं पानारेआ श्रीमंतांच्या नौकांनी भरून जातं. 24 ऑगस्टचा लिपारीतला संत बार्तोलोमेओचा उत्सव पाहायचाच असेल तर मुक्काम कित्येक महिने आधी धरून ठेवा.

नोव्हेंबर ते मार्च बहुतेक हॉटेलं आणि खानावळी बंद असतात, बोटीही कमी होतात. ज्याला रिकामी बेटं हवीत आणि दोन-तीन दिवस अडकून पडलं तरी चालेल, त्याच्यासाठी तो काळ आहे. पहिल्या भेटीसाठी नाही.

दुसरी पायरी: व्हिसा आणि सिसिलीपर्यंतचा प्रवास

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. इटलीचे अर्ज व्हीएफएस केंद्रांत घेतले जातात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उन्हाळ्यासाठी तो जितका लवकर कराल तितकं बरं, कारण भेटीच्या वेळा भराभर संपतात. प्रौढांची फी 90 युरो, त्यावर केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा बंधनकारक आहे. अर्जाला मुक्कामाची आरक्षणं जोडावी लागतात, ती शक्यतो रद्द करता येतील अशीच घ्या. व्हिसासाठीही आणि वाऱ्यासाठीही.

मुंबईहून सिसिलीतल्या काटानिया शहराला थेट विमान नाही. रोम, मिलान किंवा इस्तंबूलमार्गे जाता येतं. काटानिया विमानतळ एटना ज्वालामुखीच्या कुशीत आहे आणि एटनाने राख उडवली की तो काही तास बंद पडू शकतो. म्हणून काटानियात उतरल्या दिवशीच शेवटची बोट पकडायचा बेत करू नका.

बेटांकडे जाणारं मुख्य बंदर म्हणजे मिलात्सो. काटानियाहून मेसिनापर्यंत बसने साधारण दीड तास, मेसिनाहून मिलात्सोच्या बंदरापर्यंत दुसरी बस. उन्हाळ्यात काटानिया विमानतळावरून मिलात्सोला थेट बसही असते. ट्रेनने गेलात तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: मिलात्सोचं स्टेशन बंदरापासून काही किलोमीटर लांब आहे, तिथून टॅक्सी किंवा गावातली बस घ्यावी लागते. सामान जास्त असेल तर मेसिनाची बसच सोयीची, कारण ती धक्क्याजवळ सोडते.

दुसरा रस्ता मला स्वतःला जास्त आवडतो. रोमला उतरायचं, वेगवान ट्रेनने सव्वा तासात नेपल्स गाठायचं आणि तिथून रात्रीचं जहाज धरायचं. हे जहाज आठवड्यातल्या मोजक्या दिवशीच सुटतं, तेव्हा सगळी आखणी त्या दिवसांभोवती करावी लागते. पण ते पहाटे स्ट्रॉम्बोलीजवळ पोहोचतं. अंधार असतानाच डेकवर येऊन उभं राहिलात तर माथ्यावरून उसळणारी लाल ठिणगी लांबून दिसते. शिवाय दूरचं बेट आपोआप पहिलं होतं.

तिसरी पायरी: बोटी समजून घ्या

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण ती वगळणाऱ्यांचीच सहल विस्कटते.

दोन प्रकारच्या बोटी आहेत. पहिली हायड्रोफॉइल, स्थानिक लोक तिला 'आलिस्काफो' म्हणतात. लिबर्टी लाइन्स ही ती चालवणारी मुख्य कंपनी. ही बोट पाण्यावर उचलली जाऊन धावते, वेगवान असते, बसायला बंदिस्त केबिन असते. मिलात्सोहून वुल्कानो पाऊण-एक तास, लिपारी साधारण एक तास, सालिना दीड तास, आणि थांबे धरून स्ट्रॉम्बोली किंवा अलिकुदी अडीच-तीन तास. दुसरी मोठी फेरी, 'नावे'. सिरेमारच्या या जहाजांना जवळपास दुप्पट वेळ लागतो, पण तिकीट स्वस्त असतं, उघड्या डेकवर बसता येतं आणि गाड्या-ट्रकही त्यातूनच जातात.

समुद्र खवळला की आधी आलिस्काफो रद्द होतात. जड फेरी त्यानंतरही बराच वेळ चालू राहते. म्हणून सकाळची आलिस्काफो रद्द झाल्याची पाटी दिसली की धक्क्यावर बसून राहू नका. फेरीच्या खिडकीवर जाऊन पुढचं जहाज कधी आहे ते विचारा. दोन्हींचं वेळापत्रक आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण मोसमानुसार ते बदलतं आणि जुन्या लेखांतल्या वेळा हमखास चुकीच्या निघतात.

उतरण्याची जागा हा गोंधळाचा दुसरा मुद्दा. सालिनावर दोन बंदरं आहेत, सान्ता मरीना आणि रिनेल्ला, आणि ती बेटाच्या वेगवेगळ्या बाजूंना आहेत. स्ट्रॉम्बोलीवरही दोन थांबे आहेत: मुख्य गाव आणि जिनोस्त्रा. जिनोस्त्रा हे डोंगरापलीकडचं मूठभर घरांचं गाव आहे, मुख्य गावाशी त्याला रस्ता नाही. चुकून तिथे उतरलात तर पुढची बोट येईपर्यंत तिथेच. तिकिटावरचं आणि आरक्षणातलं नाव नीट ताडून पाहा.

भाड्याची गाडी आणू नका. उन्हाळ्यात बाहेरच्यांच्या गाड्यांवर बंदी असते, आणि लहान बेटांवर गाडीचं कामही नाही. लिपारी आणि सालिनावर बस आहेत, स्कूटर भाड्याने मिळते. स्कूटर घ्यायची तर दुचाकीचा भारतीय परवाना आणि आरटीओकडून घेतलेला आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही जवळ हवेत. स्ट्रॉम्बोलीच्या गल्ल्यांत सामान आणि माणसं वाहणारी तीनचाकी दिसेल, ती आपल्या ओळखीची आहे: पियाज्जोची ॲपे. हिचीच भावंडं आपल्या बारामतीत तयार होतात.

तिकिटासोबत बेटावर उतरण्याचा छोटा करही आकारला जातो, मोसमानुसार काही युरो.

चौथी पायरी: किती बेटं, किती रात्री

सातही बेटं एका आठवड्यात 'उरकायचा' मोह आवरा. रोज बॅग भरून धक्क्यावर उभं राहण्यात अर्धा दिवस जातो. पहिल्या वेळी तीन बेटांवर मुक्काम आणि एक-दोन ठिकाणी दिवसभराची फेरी, एवढं पुरे.

मी सुचवेन तो क्रम असा: स्ट्रॉम्बोलीवर दोन रात्री, मग सालिनावर तीन, मग लिपारीवर दोन, तिथूनच वुल्कानोची एक दिवसाची फेरी, आणि शेवटची रात्र मिलात्सो किंवा काटानियात. पानारेआ स्ट्रॉम्बोली आणि सालिनाच्या वाटेवर आहे. सकाळी उतरून, बॅगा धक्क्याजवळ कुठे ठेवता येतील ते विचारून, संध्याकाळची बोट धरता येते.

दूरचं आधी का, तर स्ट्रॉम्बोली आणि पश्चिमेकडची दोन बेटं वाऱ्यात सगळ्यात आधी तुटतात. सहलीच्या सुरुवातीला तिथे एक दिवस जास्त अडकलात तर लिपारीची एक रात्र कमी होईल, एवढंच. शेवटी अडकलात तर विमान जाईल.

स्ट्रॉम्बोली: इथे नियम पाळायचेच

924 मीटर उंचीचा हा डोंगर दर दहा-वीस मिनिटांनी लाव्हाचे गोळे हवेत फेकतो. खलाशी त्याला भूमध्य समुद्राचं दीपगृह म्हणत आले आहेत. डोंगराच्या वायव्य बाजूला 'शारा देल फुओको' हा काळा उतार आहे, तप्त दगड त्यावरून गडगडत समुद्रात जातात.

पूर्वी गाइडबरोबर थेट माथ्यावर जाता यायचं. 3 जुलै 2019 ला मोठा स्फोट झाला, त्यात एका गिर्यारोहकाचा मृत्यू झाला. ऑगस्टअखेर दुसरा मोठा स्फोट झाला. तेव्हापासून माथा बंद आहे. परिस्थिती सामान्य असेल तर 290 मीटरपर्यंत स्वतः आणि 400 मीटरपर्यंत अधिकृत गाइडबरोबर जाता येतं, अशी व्यवस्था आली. पण 2024 च्या उन्हाळ्यात ज्वालामुखी चिडल्यावर इशारा लाल रंगावर गेला आणि चढाईवर पुन्हा निर्बंध आले. म्हणून निघण्याच्या आठवड्यात आणि बेटावर उतरल्यावर गाइडच्या कार्यालयात, दोनदा विचारा. 'थोडंसंच वर जाऊन येतो' असं म्हणून दोरी ओलांडू नका. सह्याद्रीत चढायची सवय असलेल्या माणसाचे पाय इथे शिवशिवतात, हे मला कळतं. आपला कातळही लाव्हाचाच, पण त्याला थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली आहेत. हा डोंगर अजून घडतो आहे.

चढाई बंद असली तरी निराश होऊ नका. संध्याकाळी गावातून निघणाऱ्या लहान बोटी शारा देल फुओकोसमोर जाऊन इंजिन बंद करतात. अंधारात उसळणारा लाव्हा समुद्रातून पाहणं, माझ्या मते, या सबंध सहलीतला सर्वोत्तम तास आहे. जाकीट घ्या, रात्री समुद्रावर गारठा असतो. बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्या.

स्वतः चालायचं तर दुपारनंतर गावाच्या उत्तर टोकाच्या पुंता लाब्रोन्त्सोकडून वर जाणारी वाट धरा. बंद बूट, दीड-दोन लिटर पाणी आणि डोक्याला बांधायची बॅटरी लागेलच, कारण गावात रस्त्यावरचे दिवे जवळजवळ नाहीत आणि परतताना काळोख असतो.

सुरक्षेची एक गोष्ट जिथे राहाल त्या घरीच विचारून घ्या. 30 डिसेंबर 2002 ला डोंगराचा भाग समुद्रात घसरून इथे त्सुनामी आली होती. त्यानंतर बेटावर इशारा देणारे सायरन बसवले गेले. सायरन वाजला की किनारा सोडायचा आणि पाट्या दाखवतील तसं उंचावर जायचं. कॅमेरा घेऊन किनाऱ्याकडे जायचं नाही.

सालिना: मुक्कामासाठी सगळ्यात चांगलं बेट

दोन जुळे शंकू आणि मध्ये हिरवी दरी असं हे बेट. फोस्सा देल्ले फेल्ची हे 962 मीटरचं शिखर सबंध द्वीपसमूहात सर्वांत उंच. वाल्दिकिएझाच्या माता मेरीच्या देवळाजवळून वाट सुरू होते, वर जायला साधारण दोन तास लागतात. सकाळी लवकर निघा. हवा स्वच्छ असेल तर वरून बाकीची बेटं चहूबाजूंना दिसतात आणि दक्षिणेला एटना.

संध्याकाळसाठी पोल्लारा. अर्धा ज्वालामुखी समुद्रात कोसळला आणि उरलेल्या अर्ध्या वाडग्यात हे गाव वसलं आहे. सूर्य थेट समुद्रात बुडतो, समोर फिलिकुदी आणि अलिकुदी. खालच्या किनाऱ्यावर दरड कोसळण्याचा धोका असतो, तेव्हा उतरण्याआधी पाट्या वाचा. इथे यायला-जायला बस आहे, पण शेवटची बस कधीची ते चालकालाच विचारा.

केपर म्हणजे फुल नव्हे, न उमललेली कळी. मे ते ऑगस्ट ती पहाटे हाताने खुडतात, ऊन चढलं की कळी उमलते आणि वाया जाते. मग ती जाड मिठात मुरवतात. शेतकऱ्याकडून मिठातल्या केपरची पिशवी विकत घ्या, सामानात नीट टिकते. घरी वापरण्याआधी पाण्यात भिजवून, पाणी दोन-तीनदा बदलून खारटपणा काढावा लागतो. माल्वाझिया ही इथली गोड, मधाळ रंगाची वाइन, उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा या द्राक्षवेलींवरच्या किडीने इथले मळे उद्ध्वस्त केले आणि हजारो बेटकरी ऑस्ट्रेलिया-अमेरिकेला निघून गेले. डोंगरउतारावर ओस पडलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचं एक मोठं कारण हेच.

लिपारी आणि वुल्कानो

लिपारीत बंदराच्या वरच्या किल्ल्यातलं पुरातत्त्व संग्रहालय चुकवू नका, अर्धा दिवस राखून ठेवा. लुइजी बेर्नाबो ब्रेआ आणि मादलेन काव्हालिए या दोघांनी या बेटांवर उत्खनन केलं आणि 1954 मध्ये ते उभं केलं. नवाश्मयुगात इथलं ऑब्सिडियन, म्हणजे काळी ज्वालामुखी काच, धारदार पात्यांसाठी लांबवर जात असे. ती पाती, बुडालेल्या जहाजांतल्या रांजणांचा ढीग, आणि ग्रीक नाटकांच्या मुखवट्यांच्या छोट्या मातीच्या प्रतिकृती इथे आहेत. या भिंती इतक्या भक्कम का, याचं उत्तर 1544 मध्ये आहे. त्या वर्षी ऑटोमन नौदलाचा हैरुद्दीन बार्बारोसा इथे आला, त्याने शहर लुटलं आणि हजारो रहिवाशांना गुलाम करून नेलं. नंतर शहर पुन्हा वसवावं लागलं.

वुल्कानो लिपारीहून आलिस्काफोने अवघ्या दहा मिनिटांवर. धक्क्यावरच गंधकाचा वास येतो. 1888 ते 1890 नंतर इथे उद्रेक झालेला नाही, पण 2021 च्या शेवटी वायू वाढले आणि बंदराच्या भागात रात्री राहण्यावर काही काळ बंदी आली. विवर 391 मीटरवर आहे, चढाई तासाभराची, सावली शून्य. वाट उघडी आहे का ते आदल्या दिवशी लिपारीतच विचारा आणि सकाळी पहिल्या बोटीने जा. दमा असलेल्यांनी आणि लहान मुलांना घेऊन वाफांच्या जवळ जाऊ नये.

अलिकुदी आणि फिलिकुदी

दुसऱ्यांदा येणाऱ्यांसाठी, किंवा ज्यांना खरोखर एकांत हवा त्यांच्यासाठी. अलिकुदीवर रस्ताच नाही, फक्त दगडी पायऱ्या. सामान खेचरं वाहतात. खोली ठरवताना 'किती पायऱ्या?' हा पहिला प्रश्न विचारा आणि चाकांची सुटकेस नको, पाठीवरची पिशवी घ्या. रोख पैसे लिपारी किंवा सालिनावर काढून ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांनी फिलिकुदी निवडावं. तिथे थोडा रस्ता आहे आणि कापो ग्राझियानोवर कांस्ययुगातल्या वस्तीची गोल घरं बघायला मिळतात.

खाणं, विशेषतः शाकाहाऱ्यांसाठी

पोट उपाशी राहत नाही, पण विचारावं लागतं. 'पाने कुन्त्सातो' म्हणजे भाजलेल्या पावावर टोमॅटो, केपर, ऑलिव्ह आणि खारवलेलं रिकोत्ता चीज. त्यावर बऱ्याचदा ट्युना किंवा आचूगे नावाचे छोटे मासे घालतात, म्हणून 'सेन्त्सा तोन्नो, सेन्त्सा आचूगे' असं सांगा. वांग्याची आंबट-गोड भाजी कापोनाता, वांगी-टोमॅटोचा पास्ता आल्ला नोर्मा, बटाटा-टोमॅटो-केपरची एओलियन कोशिंबीर हे भरवशाचे पदार्थ. काटेकोर शाकाहारी असाल तर पार्मेझान आणि पेकोरिनो ही चीजं प्राण्यांच्या रेनेटने बनवतात, तीही टाळा. सकाळी ग्रानिता (गोठवलेलं सरबत) आणि ब्रिओश (मऊ गोडसर पाव): ग्रानिता बदामाची किंवा तुतीची घ्या. सालिनाच्या लिंग्वा गावात समुद्रासमोर बसून खाल्लेली ग्रानिता मला सर्वांत आवडते.

पाणी जपून वापरा. काही बेटांना ते टँकर जहाजाने येतं आणि जुन्या घरांच्या सपाट छपरांवरून पावसाचं पाणी अजूनही हौदात साठवतात. किनाऱ्यावरचे दगड, प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) किंवा वाळू उचलून आणू नका, इटलीत त्याला दंड आहे. किनारे बहुतेक काळ्या दगडांचे, उन्हात तापणारे. रबरी बूट घातल्याशिवाय पाण्यात उतरणं त्रासाचं.

आजारपणासाठी छोटं रुग्णालय लिपारीत आहे, इतर बेटांवर प्राथमिक डॉक्टरसेवा. नेहमीची औषधं सहलीपेक्षा चार दिवस जास्तीची घ्या. आणीबाणीचा क्रमांक 112.

बोट रद्द झाली तर

सकाळी उठल्या उठल्या कंपनीच्या संकेतस्थळावर बघा आणि मग धक्क्यावरच्या खिडकीवर जा. रद्द बोटीचं तिकीट फेकू नका, परतावा किंवा पुढच्या बोटीत जागा त्यावरच मिळते. तोपर्यंत घरमालकाला फोन करून खोली आणखी एक रात्र मिळेल का ते विचारा. वारा असताना नवे पाहुणेही पोहोचत नाहीत, त्यामुळे खोली बहुधा मोकळीच असते. पुढच्या बेटावरच्या मालकालाही लगेच कळवा. बोटी बंद आहेत हे त्यांना आपल्याआधी माहीत असतं, आणि वेळेवर कळवलं तर बरेच जण एका रात्रीच्या पैशांसाठी अडून बसत नाहीत.